एकाच ट्रान्सफॉर्मरला तीन रेटिंग कशी? आणि भर उन्हात पंखे बंद का?

तिसरं_वर्ष_इलेक्ट्रिकल
नमस्कार मंडळी, मी पुण्यात इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात कॉलेजच्या व्हिजिटला शहराबाहेरच्या एका १३२ केव्ही सबस्टेशनला गेले होते, दुपारी दोनची वेळ, यार्डातल्या खडीवरनं चालताना बुटातूनही चटके बसत होते. तिथे १३२/२२ केव्हीचा एक ट्रान्सफॉर्मर होता आणि त्याच्या नेमप्लेटवर एकाखाली एक तीन रेटिंग, ३०, ४० आणि ५० एमव्हीए (मेगाव्होल्ट-अँपिअर, म्हणजे किती वीज पेलेल ते), समोर ओएनएएन, ओएनएएफ, ओएफएएफ. फुलफॉर्म पाठ आहेत (ऑइल नॅचरल एअर नॅचरल, एफ असेल तिथे फोर्स्ड, वगैरे), तोंडी परीक्षेत तेवढ्यावर मार्कही पडतात, पण एकाच ट्रान्सफॉर्मरला तीन रेटिंग कशी हे काही डोक्यात शिरत नाहीये. तांबं तेच, कोअर तोच, टाकी तीच, मग पंखे आणि पंप लावले की वरचे २० एमव्हीए येतात कुठून?

दुसरं म्हणजे एवढं ऊन असून पंखे बंद! रेडिएटरखाली ओळीने पंखे बसवलेले, एकही फिरत नव्हता. ऑइलचा काटा ५८ वर, वाइंडिंगचा (आतल्या तांब्याच्या गुंडाळ्यांचा) ६३ वर. ऑपरेटर दादांना विचारलं तर म्हणाले लागले की आपोआप लागतील. बिघडले तर नव्हते ना? आणि काही पॉवर स्टेशनमध्ये म्हणे ट्रान्सफॉर्मर पाण्याने गार करतात, मग सबस्टेशनला का नाही, पाणी तर जास्त सोपं ना? कोणीतरी नीट समजावून सांगा, फुलफॉर्म नकोत प्लीज.

सदाशिव_पेठी
दुपारी दोनला गेलात ना, पुण्यात एक ते चार सगळंच बंद असतं, पंखे कसे चालू असतील. (माहीतगार लोक येतीलच, मी जागा धरून ठेवतोय.)

यार्डातला_जुना
हाहा. मी ट्रान्समिशनच्या टेस्टिंगमध्ये नोकरी काढली, आता रिटायर, सकाळी तळजाईला चक्कर आणि मग दिवसभर रिकामा, त्यामुळे मोठं लिहितोय, कंटाळा आला तर सोडून दे.

अगं, एमव्हीए पंख्यातून येत नाहीत. तांब्यातून ५० चा करंट कधीही जाईल, प्रश्न एवढाच की त्या करंटने आत जी उष्णता होते ती तू किती वेगाने बाहेर काढतेस. नेमप्लेटवरचा आकडा म्हणजे खरं तर उष्णता बाहेर टाकायच्या ताकदीचा आकडा. हिशोब करू. समजा एक मोठा ट्रान्सफॉर्मर आहे, फुल लोडला लोड लॉस ५०० किलोवॉट आणि कोअरचा नो-लोड लॉस १०० (सोपे म्हणून गोल आकडे घेतलेत). कोअरचे १०० रात्रंदिवस आहेतच, लोड असो नसो. लोड लॉस मात्र करंटच्या वर्गात जातो, म्हणजे ६० टक्के लोडला ०.३६ पट, १८०, त्यात कोअरचे १००, एकूण २८०. फुल लोडला तेच ६००. बघ आता, लोड ६० वरून १०० वर गेला आणि उष्णता दुपटीच्याही वर गेली. ६० टक्क्यांपर्यंत नुसते रेडिएटर पुरतात, पुढे तेवढ्याच पत्र्यावरून जास्त उष्णता काढायची तर त्यावर वारा मारायला हवा, आणि त्याच्या पुढे तेलही ढकलायला हवं. ३०, ४०, ५० म्हणजे ६०, ८०, १०० टक्के, एवढंच आहे ते.

आता ही उष्णता बाहेर कशासाठी काढायची हे पुस्तकात एका ओळीत उरकतात आणि खरी गंमत तिथेच आहे. सगळे तेलाकडे बघतात, पण जीव असतो तांब्यावर गुंडाळलेल्या कागदात. तेल खराब झालं तर फिल्टर मशीन लावता येतं, अगदीच गेलं तर बदलता येतं. कागद आतच असतो, तो तापून तापून कुरकुरीत झाला की ट्रान्सफॉर्मर उघडून नव्याने वाइंडिंग करण्याशिवाय इलाज नाही. नव्या कागदाचं डीपी (त्यातल्या रेणूंच्या साखळीची लांबी समज) हजाराच्या आसपास असतं, २०० वर आलं की संपला, मग एखादा शॉर्टसर्किटचा धक्का बसला की फाटतो. आणि हे म्हातारपण सगळीकडे सारखं येत नाही, वाइंडिंगच्या वरच्या टोकाला जो सगळ्यात गरम ठिपका असतो तो हॉटस्पॉट, तिथला कागद आधी जातो. त्यामुळे सगळं कूलिंग त्या एका ठिपक्यासाठी चाललेलं असतं म्हण.

आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय विद्युत मानकांच्या) हिशोबात वर्षाची सरासरी हवा २० अंश धरतात आणि हॉटस्पॉटला त्यावर ७८ अंश वाढ मान्य करतात, बेरीज ९८. साध्या क्राफ्ट कागदाचं आयुष्य या ९८ ला नॉर्मल धरलंय आणि तिथून वर दर ६ अंशाला झिजण्याचा वेग दुप्पट. आता एप्रिलमध्ये आपल्या शिवाजीनगरला ४० अंश आहे आणि ट्रान्सफॉर्मर फुल लोडला आहे असं समज, ४० अधिक ७८ म्हणजे ११८, ९८ च्या वर २० अंश, म्हणजे दुप्पट, चौपट, आठपट करत करत साधारण दहापट. तिथला एक तास कागदाला दहा तासांचा पडतो. डिसेंबरच्या रात्री १२ अंश असताना त्याची थोडी भरपाई होते, पण थोडीच. म्हणून आपल्याकडच्या टेंडरात आयईसीच्या ऑइलला ६० आणि वाइंडिंगला ६५ अंश वाढीऐवजी बऱ्याचदा ५० आणि ५५ मागतात, मग रेडिएटर जास्त लागतात आणि किंमत वाढते आणि खरेदीवाले कुरकुर करतात, पण ते योग्यच आहे. (उंचीचाही संबंध असतो, हवा विरळ असली की वारा कमी गार करतो, पण तो नियम १००० मीटरच्या वरचा. पुणे साधारण ५६० वर आहे, आपल्याला काही नाही. पाचगणी-महाबळेश्वरला बसवायचा असेल तर बघायचं.)

तुझे पंखे बिघडलेले नव्हते. सहसा वाइंडिंगचा काटा ६५ च्या आसपास पोचला की पंख्यांचा गट लागतो, ७५ च्या आसपास पंप, मग अलार्म, मग ट्रिप, नेमके आकडे जागेनुसार बदलतात. ६३ ला बंद म्हणजे जागेवर आहे. आणि लागले की लगेच बंदही होत नाहीत, काटा आठ-दहा अंश खाली आल्यावरच होतात, नाहीतर कॉन्टॅक्टर दिवसभर टकटक करत बसेल. दुपारी ऊन जास्त असतं पण लोड संध्याकाळी चढतो, आणि एवढ्या तेलाला तापायला वेळ लागतो, टाइम कॉन्स्टंट साधारण तीन तास, त्यामुळे रात्री आठ-नऊला त्याच यार्डात गेलीस तर पंखे घरघरताना ऐकू येतील. वाइंडिंगचा टाइम कॉन्स्टंट मात्र पाच-दहा मिनिटांचाच, लोड आला की ते लगेच तापतं, म्हणून पंख्यांना हुकूम वाइंडिंगच्या काट्याचा.

आणि तोंडी परीक्षेत कोणी विचारत नाही ते सांगतो, तो वाइंडिंगचा काटा वाइंडिंगला हातही लावत नाही. १३२ केव्हीच्या तांब्यावर थर्मामीटर कोण बांधणार? त्याचा बल्ब असतो वरच्या तेलातल्या खिशात आणि त्याला जोडून एक छोटा हीटर, हीटरला बुशिंग सीटीचा (तार टाकीतून बाहेर येते तिथे बसवलेल्या, करंट मोजणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचा) करंट. लोड वाढला की हीटर तापतो आणि काटा ऑइलपेक्षा तेवढा पुढे दिसतो. म्हणजे तो अंदाजच आहे, फक्त शिस्तीत कॅलिब्रेट केलेला. हल्ली नव्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये फायबर ऑप्टिक सेन्सर थेट वाइंडिंगमध्ये घालतात, तो खरा आकडा.

सदाशिव_पेठी
एवढं वाचलं, पटलं. पण शंका राहतेच. ओएनएएनमध्ये पंप नाही, पंखा नाही, तरी तेल फिरतं म्हणता. काहीतरी ढकलल्याशिवाय आमच्याकडे फाईलसुद्धा हलत नाही, तेल कसं हलतं?

भोसरीचा_रेडिएटरवाला
पेठीसाहेब, वजनाने हलतं. वाइंडिंगजवळचं तेल तापलं की फुगतं, हलकं होतं, वर जातं, टाकीच्या वरच्या बाजूने रेडिएटरच्या वरच्या हेडरमध्ये शिरतं, पत्र्याच्या पातळ पाकळ्यांमधून खाली येता येता गार आणि जड होतं आणि खालच्या हेडरमधून परत टाकीत. गरम खांब एका बाजूला आणि गार खांब दुसऱ्या बाजूला, दोघांच्या वजनातला फरक हाच पंप. म्हणून रेडिएटरचा मध्य वाइंडिंगच्या मध्यापेक्षा वर ठेवतात, जेवढा वर तेवढी ओढ जास्त. कोणी जागा वाचवायला रेडिएटर खाली घेतो म्हणाला तर त्याला घेऊ देऊ नका.

माझं काम रेडिएटर दुरुस्ती आणि साफसफाईचं, तर या आपोआप चालणाऱ्या गोष्टीत काय काय अडतं ते सांगतो कारण पुस्तकात ते नसतं. एक, तेलाची पातळी. गळती होत होत पातळी वरच्या हेडरच्या तोंडाखाली गेली की सायकल तुटली, टाकीत तेल भरपूर दिसेल पण रेडिएटरमध्ये जायला रस्ताच नाही, टाकी तापत राहणार आणि रेडिएटर गारच. दोन, व्हॉल्व्ह. प्रत्येक रेडिएटरला वर खाली बटरफ्लाय व्हॉल्व्ह असतो, दुरुस्तीला रेडिएटर काढताना बंद करतात आणि परत बसवल्यावर उघडायचा राहतो. चाकणच्या एका कारखान्यात उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर सारखा अलार्मला जायचा, त्यांनी तेल फिल्टर करून घेतलं, लोड कमी केला, वर पत्र्याची शेड टाकली, आणि नवीन ट्रान्सफॉर्मरचं कोटेशनसुद्धा मागवलं. थर्मल कॅमेरा लावला तर एका बाजूचे सगळे रेडिएटर हवेच्याच तापमानाला. खालचे व्हॉल्व्ह बंद, आधीच्या शटडाऊनपासून. पान्याने उघडले आणि थोड्या वेळात रेडिएटर गरम व्हायला लागले. आणि हो, उघडायच्या आधी त्या रेडिएटरमधली हवा वरच्या प्लगमधून सोडायची, नाहीतर तो हवेचा फुगा थेट बुकोल्झमध्ये (टाकीतला गॅस पकडणाऱ्या रिलेमध्ये) जाऊन गॅसचा अलार्म देतो आणि मग वेगळीच धावपळ.

तिसरं म्हणजे धूळ. मोशी, वाघोलीकडे खडी क्रशरच्या आसपास ज्यांचे ट्रान्सफॉर्मर आहेत त्यांच्या पाकळ्यांमध्ये धूळ आणि गळलेलं तेल मिळून असा थर बसतो की खरवडून काढावा लागतो. त्यातून वारा जात नाही आणि जो जातो तो पत्र्याला लागत नाही. मार्च लागायच्या आत शटडाऊन घेऊन धुऊन घ्या, पंख्याच्या जाळीतली घरटी काढा (पावसाळ्यानंतर ती असतातच), आणि पंखा कुठल्या दिशेने फिरतो ते एकदा बघा. मोटर बदलली की दोन फेज उलटसुलट लागतात आणि पंखा वारा रेडिएटरवर मारायच्या ऐवजी ओढत बसतो. लांबून बघणाऱ्याला पंखा चालूच दिसतो.

तिसरं_वर्ष_इलेक्ट्रिकल
बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप धन्यवाद. वर्गाचं गणित मी स्वतः करून बघितलं, ८० टक्क्यांना ३२० अधिक १०० म्हणजे ४२० येतं, आता पायऱ्या कळल्या. काका, मग ओएफ (ऑइल फोर्स्ड) आणि ओडी (ऑइल डायरेक्टेड) मध्ये फरक काय? पंप तर दोन्हीत आहे. आणि पाण्याचं राहिलंच.

यार्डातला_जुना
छान, गणित करून बघितलंस हे बरं केलंस.

ओएफ मध्ये पंप गार तेल टाकीत आणून सोडतो, बस. पुढे ते तेल सोप्या वाटेने जातं आणि सोपी वाट असते वाइंडिंग आणि टाकी यांच्या मधली मोकळी जागा. वाइंडिंगच्या आतल्या बारीक वाटांमधून तेल अजूनही स्वतःच्या हलकेपणानेच चढतं. ओडी मध्ये खालून बंदिस्त वाट करून पंपाचं तेल थेट वाइंडिंगच्या आत शिरवतात. अंगणात नळ सोडून दिला तर कुंड्यांना मिळेल तेवढं मिळेल, तोच पाइप कुंडीत खोचला की सगळं मुळाशी, तसं. म्हणून ओडी ला वाइंडिंगची सरासरी वाढ आयईसीत ६५ ऐवजी ७० चालते, कारण वरचं टोक आणि सरासरी यांच्यातला फरक कमी असतो. हॉटस्पॉटला मात्र ७८ चीच मर्यादा, तिथे सूट नाही.

पण तेल जोरात ढकलायलाही हद्द आहे. कोरडं तेल कोरड्या कागदावरून फार वेगाने गेलं की स्थिर वीज साठते, ती आतच फुटून ट्रान्सफॉर्मर गेल्याची प्रकरणं जपान आणि अमेरिकेत १९७० आणि ८० च्या दशकात झाली, त्यानंतर डिझाइनवाले तेलाचा वेग जपून ठरवायला लागले. म्हणूनच तेल गार असताना सगळे पंप एकदम लावून ठेवणं शहाणपणाचं नाही, काही लोकांना वाटतं जितके पंप तितकं बरं.

पहिल्या अक्षराचंही सांगून टाकतो. ओ म्हणजे ज्याचा फायर पॉइंट ३०० अंशांच्या आत आहे असं तेल, आपलं नेहमीचं मिनरल ऑइल त्यात. वनस्पती तेलापासून केलेलं एस्टर येतं त्याचा फायर पॉइंट ३०० च्या वर, त्याला के. बेसमेंटमध्ये, दाट वस्तीत आगीच्या दृष्टीने ते चांगलं, पण मिनरल ऑइलपेक्षा घट्ट असल्याने स्वतःहून फिरायला आळशी, त्यामुळे तेवढ्याच रेडिएटरवर थोडं जास्त तापतं. डिझाइन करतानाच ते धरावं लागतं, जुन्यात सहज ओतून भागत नाही.

माझं वैयक्तिक मत विचारशील तर ज्याला हलणारे भाग कमी तो ट्रान्सफॉर्मर चांगला. रेडिएटर वाढवा, पंखे दोन टप्प्यात लावा (ओएनएएफ १, ओएनएएफ २ असं हल्ली देतातही), पण पंप टाळता आला तर टाळा. पंपाचं बेअरिंग झिजलं की धातूचा चुरा तेलात, आणि ओडी असेल तर तो चुरा थेट वाइंडिंगमध्ये पोचतो.

जलविद्युत_पाळी
पाण्याबद्दल मी सांगतो, माझी बरीच वर्षं घाटाखालच्या एका जलविद्युत केंद्रात पाळीत गेली. कुठलं ते लिहीत नाही.

पाणी का, तर काकांचेच ६०० किलोवॉट घ्या. हे हवेने काढायचे आणि हवा १५ अंशांनी तापू द्यायची तर दर सेकंदाला साधारण ३५ घनमीटर हवा लागते. तीच उष्णता पाण्याने काढायची आणि पाणी १० अंशांनी तापू दिलं तर सेकंदाला साधारण १४-१५ लिटर पुरतं. उघड्या यार्डात ३५ घनमीटर हवा फुकट आहे, आभाळभर आहे. पण कोयनेचं पोफळीचं वीजघर जसं डोंगराच्या पोटात आहे तशा एखाद्या गुहेत ट्रान्सफॉर्मर ठेवायचा झाला तर एवढी हवा बोगद्यातून आणायची कशी आणि गरम झालेली टाकायची कुठे? एका युनिटची नाही, सगळ्यांची. आणि जलविद्युत केंद्रात पाणी तर दाराशीच असतं. म्हणून अशा ठिकाणी ओएफडब्ल्यूएफ, पंपाने तेल फिरवायचं, पंपाने किंवा धरणाच्याच दाबाने पाणी फिरवायचं, दोघांची भेट हीट एक्स्चेंजरमध्ये, नळ्यांच्या आत पाणी, बाहेर तेल. भलेमोठे रेडिएटर नाहीत, माणसाएवढ्या उंचीच्या दोन-तीन टाक्या दिसतात फक्त.

पण ताई, सोपं आहे का विचारलंस तर नाही. नळीला भोक पडलं तर काय होईल याचा विचार आधी करावा लागतो. म्हणून कूलरमध्ये तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त ठेवतात, गळलंच तर तेल पाण्यात जाईल, पाणी तेलात येणार नाही. तेल पाण्यात गेलं तर नुकसान आणि प्रदूषण, पण पाणी तेलात आलं तर ट्रान्सफॉर्मरच जातो, अगदी थोडं पाणीसुद्धा तेलाची बीडीव्ही (वीज अडवून धरायची ताकद) पार खाली आणतं आणि कागद ते शोषून बसतो. आणि गोची बघा, पाणी धरणाच्या दाबाने येत असेल तर ते मुळातच जोरात असतं, म्हणून आधी दाब उतरवणारा व्हॉल्व्ह. नव्या कूलरमध्ये दुहेरी भिंतीच्या नळ्या असतात, दोन भिंतींच्या मधल्या फटीत तेल किंवा पाणी काहीही आलं की अलार्म. पंप सुरू करतानाही क्रम असतो, आधी तेल, मग पाणी, बंद करताना आधी पाणी. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्यांदा हेच पाठ करून घ्यायचे.

आणि पावसाळा! जुलैमध्ये गढूळ पाणी आलं की स्ट्रेनर तुंबतात, पाण्याचा प्रवाह कमी होतो, रात्री तीनला स्ट्रेनर उघडून पालापाचोळा आणि कधी कधी मासे काढायचे. उन्हाळ्याची भीती आम्हाला कधी वाटली नाही, पाणी बाराही महिने गारच. आमचा सगळा त्रास पावसाळ्यात.

सदाशिव_पेठी
आता माझा प्रश्न, आणि हा थट्टेचा नाही. आमच्या सोसायटीच्या ट्रान्सफॉर्मरला मे महिन्यात हात लावायची सोय नसते (लावत नाही, जवळनं धग येते). कमिटीतले एक उत्साही गृहस्थ म्हणतायत की पाइपाने रोज संध्याकाळी पाणी मारू, कुठेतरी कूलर लावलेला व्हिडिओ पण दाखवला त्यांनी. करावं का?

भोसरीचा_रेडिएटरवाला
नको, अजिबात नको. वर २२ केव्हीची बुशिंग आहेत, पाण्याचा फवारा तिकडे गेला तर पाइप धरणारा माणूस आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जातील. शिवाय बोअरचं पाणी रोज मारलं की पाकळ्यांवर पांढरा क्षार बसतो, रंग सुटतो, गंज लागतो आणि पुढच्या वर्षी आणखी तापतो. मोठ्या सबस्टेशनला अडचणीच्या वेळी रेडिएटरवर पाणी सोडलेलं मी पाहिलंय, पण ते खाली फक्त रेडिएटरवर पडेल अशी पाइपलाइन बांधून आणि इंजिनिअर समोर उभे राहून, तेही तात्पुरतं.

त्यापेक्षा त्याच्या भोवती काय केलंय ते बघा. सोसायटीत हमखास काय होतं, ट्रान्सफॉर्मर दिसायला वाईट म्हणून तीन बाजूंनी भिंत, वर वेल, पुढ्यात स्कूटर. तो ओएनएएनवाला आहे, त्याला फक्त खालून गार हवा यायला आणि वरून गरम हवा जायला वाट हवी असते, ती तुम्ही बुजवलेली असते. वेल काढा, भिंतीला खालून जाळी पाडून घ्या. सिलिका जेल (आत जाणाऱ्या हवेतली ओल शोषणारे दाणे) निळं आहे का गुलाबी झालंय ते कुंपणाबाहेरूनच दिसतं, गुलाबी असेल तर कळवा. आणि लोड किती आहे ते महावितरणकडून मोजून घ्या, सगळ्या फ्लॅटला एसी लागले, खाली ईव्हीचे चार्जर आले, ट्रान्सफॉर्मर मात्र बिल्डरने बसवला तोच. हे बहुतेक कारण निघेल. आणि धग लागते म्हणजे बिघडलाच असंही नाही, फुल लोडला वरचं तेल ८०-९० ला जाणं त्याच्या डिझाइनमध्येच बसतं.

सदाशिव_पेठी
वेल आहे. मीच लावलेला नाही, एवढंच स्पष्ट करतो.

जीटी_वाला
मी थर्मल पॉवर स्टेशनमधला, उशिरा आलो, पण यार्डातल्या काकांशी एका बाबतीत भांडायचंय. पंप टाळा म्हणणं सबस्टेशनसाठी ठीक आहे. आमचा जनरेटर ट्रान्सफॉर्मर (जीटी) दिवसाचे चोवीस तास जवळजवळ फुल लोडला असतो, त्याला संध्याकाळ नाही आणि रविवारही नाही. ५०० मेगावॉटच्या युनिटला २०० एमव्हीएचे तीन सिंगल फेज असतात, तीन वेगळे कारण एकत्र केला तर रस्त्याने आणि रेल्वेने नेता येत नाही. तोच ट्रान्सफॉर्मर नुसत्या रेडिएटरवर भागवायचा तर यार्डात रेडिएटरचं जंगल उभं करावं लागेल. म्हणून आमच्याकडे ओएफएएफ, तोही रेडिएटरचा नाही, युनिट कूलरचा, म्हणजे पंख लावलेल्या नळ्यांचा गठ्ठा, मागे पंप, पुढे पंखे. पाणी आमच्याकडे ढिगाने आहे, कूलिंग टॉवर समोरच उभे आहेत, तरी जीटीला हवाच, कारण तो उघड्यावर आहे आणि पाणीवाल्या भाऊंनी सांगितलेली डोकेदुखी कोणाला नको असते.

याची किंमत मात्र आहे. ओएनएएफवाल्याचे सगळे पंखे गेले तर तो ६० टक्क्यांवर आरामात चालू राहतो. युनिट कूलरवाल्याचे पंप आणि पंखे गेले तर त्याला स्वतःहून गार व्हायला जवळजवळ काहीच नाही, फुल लोडला हाताशी काही मिनिटं असतात, तेवढ्यात सप्लाय आणा नाहीतर युनिट खाली घ्या. म्हणून कूलरला दोन वेगळ्या बोर्डांवरून सप्लाय, आपोआप बदली, आणि एक कूलर कायम स्टँडबाय. महिन्यातून एकदा स्टँडबाय फिरवून बघायचा, फक्त इंडिकेशनचा दिवा बघून सोडायचं नाही.

यार्डातला_जुना
मान्य, जीटीला पर्याय नाही. माझा राग सबस्टेशनच्या पंपांवर आहे, वर्षातले दोन महिने संध्याकाळी लागणार आणि उरलेलं वर्ष बंद पडून बेअरिंग जाम करणार. तुमच्याकडे निदान रोज चालतात.

तिसरं_वर्ष_इलेक्ट्रिकल
सर, शेवटचं विचारते. भोसरीवाल्या काकांनी पंखा उलटा फिरतो म्हणून सांगितलं, तसा पंप उलटा फिरत असेल तर कसं कळणार? तो तर आत असतो, दिसत पण नाही.

जीटी_वाला
चांगला प्रश्न, कारण इथे बरेच जण फसतात. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी थोडं तेल त्याच दिशेला ढकलतोच, मोटरचा आवाज येतो, अँपिअर दिसतात, पॅनलवर हिरवा दिवा लागतो, सगळं ठीक वाटतं आणि तेल मात्र निम्मंशिम्मं वाहतं. पंपाजवळ पाइपवर गोल डबीसारखा फ्लो इंडिकेटर असतो, आत तेलात एक पातं आणि बाहेर काटा, मधे चुंबक, म्हणजे गळतीचा प्रश्न नाही. पंप सरळ असेल तर काटा पूर्ण पुढे जाऊन स्थिर राहतो, उलटा असेल तर अर्ध्यात लटकतो किंवा थरथरतो. मोटरची केबल सोडून परत जोडली की काही न बोलता आधी तो काटा बघायचा. काही ठिकाणी तो काटाच जाम झालेला असतो, म्हणून पंप बंद केल्यावर शून्यावर येतो का तेही बघ, मगच तो चालू असतानाचा आकडा खरा धर.